अक्षराशिवायचा फटकारा: चिनी सुलेखनाच्या वाटेने अमूर्त चित्र

कच्च्या शुआन कागदावर, म्हणजे शाई लगेच पिणाऱ्या चिनी कागदावर, शाईने भरलेला कुंचला क्षणभर जास्त रेंगाळला की तिथे डाग पसरतो. तो पुसता येत नाही, खरवडता येत नाही आणि वरून गिरवायला जाल तर आणखी चिघळतो. हात कुठे अडखळला, कुठे पळाला, दाब कुठे वाढला, हे सगळं कागदावर जसंच्या तसं उमटतं. चित्र काढण्यातून ध्यान साधायचं असेल, तर याहून कडक आणि प्रामाणिक गुरू मिळणं कठीण.

‘वाटेल तसे रंग फासा, मन मोकळं होईल’ हा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. त्यात मजा आहे, पण रंग फासताना मन कुठे भटकत होतं याचा पत्ता नंतर लागत नाही. या लेखातली पद्धत उलट्या बाजूने जाते. अक्षर सोडायचं, त्याचा अर्थ सोडायचा; पण अक्षर लिहिण्याची शिस्त मात्र सोडायची नाही. एक फटकारा एकदाच, ठरलेल्या दिशेने, दुरुस्तीविना.

साहित्य: कागदात काटकसर नको

कुंचला, शाईची कांडी, कागद आणि शाई उगाळायचा दगड यांना चिनी परंपरेत अभ्यासिकेची चार रत्नं म्हणतात. प्रत्येकाचं नावाजलेलं ठिकाण ठरलेलं आहे: हूझौचे कुंचले, हुइझौची शाई, आनह्वेइ प्रांतातल्या जिंग परगण्याचा शुआन कागद आणि ग्वांगदोंग प्रांतातल्या झाओछिंगचा द्वान दगड. सुरुवातीला इतकं अस्सल काही लागत नाही. दगड साधा चालेल, कुंचला मध्यम प्रतीचा चालेल. कागद मात्र शोषणाराच हवा.

शुआन कागद छिंगतान नावाच्या झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून बनतो. तो दोन प्रकारचा मिळतो. ‘कच्चा’ शाई लगेच पितो आणि पसरवतो. ‘पक्क्या’ कागदाला तुरटी आणि सरसाचा हात दिलेला असतो, त्यावर शाई पृष्ठभागावरच राहते. आपल्याला कच्चा हवा. त्याचा नेहमीचा ताव 69 × 138 सेंटिमीटरचा असतो. त्याचे आठ चौरस तुकडे केले की सुमारे साडेचौतीस सेंटिमीटरचा सोयीचा आकार हाती येतो. हात बसेपर्यंत जुनी वर्तमानपत्रं वापरा. चीनमध्येही सराव त्यांवरच होत आला आहे, आणि छापील मजकुरावर रेघा ओढताना ‘चांगला कागद वाया जाईल’ ही धास्तीही राहत नाही. चित्रकलेच्या वहीतला जाड, गुळगुळीत कागद टाळा. तो चुका लपवतो.

कुंचल्यांत बकरीच्या केसांचा मऊ असतो, पाणी भरपूर धरतो, पण नवख्या हाताला दाद देत नाही. ‘लांडग्याच्या केसांचा’ म्हणून विकला जातो तो खरं तर वीझल या छोट्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा. ताठ आणि पटकन उसळून सरळ होणारा. दोन्हींचं मिश्रण असलेला, चार-पाच सेंटिमीटर लांब केसांचा एक कुंचला पुरे. नवा कुंचला खळ लावून कडक केलेला असतो. केस सुटे होईपर्यंत तो कोमट पाण्यात धरा, पण केस दांड्यात शिरतात तो बुडखा भिजत ठेवू नका. आतला सरस सुटला की केस गळायला लागतात.

याशिवाय कागदाखाली अंथरायला लोकरीचं जाड कापड, कागद दाबून धरायला वजनं, पाण्याची दोन भांडी (एक धुवायला, एक शाई पातळ करायला), दोन-तीन पांढऱ्या बशा आणि एक फडकं.

शाई उगाळणं

दगडावर चहाच्या चमच्यापेक्षाही कमी पाणी घ्या. कांडी सरळ उभी धरा आणि एकाच दिशेने सावकाश वर्तुळं काढा. हाताचं वजन कांडीवर टाकू नका; दाबून घासलं की शाई भरड होते. दहा-पंधरा मिनिटं लागतात. कांडी फिरून गेल्यावर मागची ओली वाट लगेच न मिटता हळूहळू मिटायला लागली, की शाई झाली.

कांडी म्हणजे काजळी आणि सरस. पाइनच्या लाकडाच्या काजळीची शाई निळसर आणि मंद दिसते, तेलाच्या काजळीची उबदार आणि किंचित चमकदार. पातळ केल्यावर हा फरक जास्त कळतो. बाटलीतली शाई सरावाला अजिबात वाईट नाही, पण ती वापरलीत तरी कुंचला हातात घेण्याआधी तेवढा वेळ बसाच. उगाळताना घाई केली तर शाई बिघडते. म्हणजे मन लावण्याची सक्ती इथूनच सुरू होते. काम झालं की कांडी पुसून बाजूला ठेवा. ओली कांडी दगडावर विसरलात तर सरसामुळे ती तिथेच चिकटून बसेल.

रोज ताजी शाई उगाळावी हा नियम. अपवाद मोठ्या माणसांनी करावेत: हुआंग बिनहोंग (1865–1955) आपल्या निसर्गचित्रांत शिळी, गाळ धरलेली शाई मुद्दाम वापरत आणि तिच्या काठांना जो खरखरीतपणा येतो तो त्यांना हवाच असे.

धरायचं कसं, उभं कसं राहायचं

अंगठा आणि तर्जनी यांच्यात दांडा पकडा. मधलं बोट बाहेरून त्याला आत ओढतं, अनामिका आतून बाहेर ढकलते आणि करंगळी अनामिकेला नुसती टेकते. बोटं घट्ट, तळहात पोकळ; आत अंडं मावेल इतका, असं जुने गुरू सांगतात. दांडा कागदाला काटकोनात. पेन धरतो तसा तिरपा धरलात तर केसांची एकच बाजू घासत राहते आणि रेघेचा एक काठ गुळगुळीत, दुसरा फाटका येतो.

बारीक अक्षरांसाठी मनगट टेबलावर टेकवतात. आपल्याला मनगट आणि कोपर दोन्ही उचललेले हवेत, कारण रेघ बोटांतून न येता खांद्यातून यायला हवी. त्यामुळे शक्यतो उभ्याने काम करा. बीजिंगच्या बागांमध्ये सकाळी फरशीवर पाण्याने अक्षरं लिहिणारी वयस्कर मंडळी दिसतात. लांब दांड्याला स्पंजचं टोक, शेजारी पाण्याची बादली. लिहिताना पाय सरकतात, कंबर वळते, आणि वाक्य पुरं होईस्तोवर पहिली अक्षरं वाळून गेलेली असतात. कोपर उचलायचं म्हणजे काय, हे त्यांच्याकडे पाहून पटकन समजतं. घरी हाच प्रकार करायचा तर पाण्याने लिहायचं कापड मिळतं. त्यावरची रेघ वाळली की नाहीशी होते. ‘आपलं चित्र चांगलं आलं पाहिजे’ हा ध्यास ज्यांना सोडवत नाही, त्यांनी महिनाभर फक्त या कापडावर काम करावं, असं माझं मत आहे.

पहिली आडवी रेघ

या टप्प्यावर मुद्दाम रेंगाळा. पुढचं सगळं यावर उभं आहे.

डावीकडून उजवीकडे साधी रेघ ओढायची आहे. तिचे तीन भाग असतात. प्रवेश: कुंचल्याचं टोक कागदाला लावा आणि आधी किंचित डावीकडे, म्हणजे उलट्या दिशेने न्या, मग वळवून उजवीकडे निघा. त्यामुळे टोक रेघेच्या पोटात लपतं आणि सुरुवात गोलसर येते. प्रवास: टोक रेघेच्या मधोमध चालत राहिलं पाहिजे, म्हणजे शाई दोन्ही काठांकडे सारखी झिरपते. शेवट: थांबा, टोक आल्या वाटेने थोडं मागे घ्या आणि उचला.

वेग किती? कच्च्या कागदावर फार हळू गेलात तर काठ फुगतात, फार जोरात गेलात तर रेघ पोकळ पडते. या दोहोंमधला वेग शोधणं हाच सराव. एका उच्छ्वासात एक रेघ पुरी होईल असा वेग बहुतेकांना जमतो, पण श्वास मोजत बसू नका. लक्ष केसांच्या टोकावर ठेवा. श्वास आपोआप त्याच्या मागे येतो.

चिनी लिप्यांत सर्वांत जुन्या वळणाची मुद्रालिपी याच एकसारख्या जाडीच्या, टोक लपवलेल्या रेघांनी लिहितात. तिच्यात नखरे नाहीत. म्हणून पहिले काही आठवडे आडव्या रेघा, उभ्या रेघा, मग वर्तुळं, मग आत वळत जाणाऱ्या चक्राकार रेघा, एवढंच करा. कागद रेघांनी भरायचा, दोन रेघांमधलं अंतर सारखं ठेवायचं. मन कधी निसटलं हे वेगळं शोधावं लागत नाही: तिथे रेघ वाकलेली असते, किंवा डाग असतो, किंवा अंतर चुकलेलं असतं. तसं झालं तर ती रेघ तशीच पुरी करा आणि पुढची घ्या. दुरुस्त करायचं नाही, कागद फेकायचा नाही, नवा घ्यायचा नाही.

दाब आणि उचल

एकसारखी रेघ हातात आली की तिची जाडी बदलायला लागा. कुंचला दाबला की केस पसरतात, उचलला की टोकाशी येतात. सुलेखनातलं नाट्य बहुतांशी या वरखाली होण्यात आहे. ‘योंग’ या एका अक्षरात आठ मूलभूत फटकारे येतात, म्हणून शतकानुशतकं शिकणाऱ्यांना ते गिरवायला देतात: ठिपका, आडवी, उभी, आकडा, वर चढणारी, डावीकडे लांब उतरणारी, छोटी टोचणारी आणि उजवीकडे पसरत जाणारी. या आठांना अमूर्त चित्राची बाराखडी समजा. प्रत्येकाला एक अख्खा कागद द्या.

ठिपक्याला कमी लेखू नका. तो टेकवून मोकळं व्हायचं नसतं. टोक आत शिरतं, दबतं, वळतं आणि बाहेर येतं. पसरत जाणारा फटकारा सर्वांत अवघड: हलक्या हाताने सुरू, वाटेत दाब वाढत वाढत पायथ्याशी थांबा, आणि मग उजवीकडे उचलत टोक काढा. पायथ्याशी थांबताना सगळ्यांचाच हात घाई करतो.

पाणी आणि शाई

नवव्या शतकात झांग यानयुआन या कलेच्या इतिहासकाराने लिहून ठेवलं की शाई नीट वापरली तर पाचही रंग तिच्यात असतात. पुढे हे पाच म्हणजे पाच छटा अशी मांडणी रूढ झाली: करपलेली, दाट, गडद, फिकी आणि जवळजवळ पाणी. बशांमध्ये त्या वेगवेगळ्या करून पाहा. मग एकाच कुंचल्यात तीन भरा: कुंचला पाण्यात बुडवून निपटा, पोटापर्यंत फिकी शाई घ्या, फक्त टोक दाट शाईत बुडवा. आता एक लांब फटकारा ओढला की तो गडद सुरू होऊन फिका होत संपतो, आणि तुम्हाला मध्ये काहीच करावं लागत नाही. वाळल्यावर सगळ्याच छटा उतरतात, हे धरूनच शाई घ्या.

उलट टोकाला कोरडा कुंचला. शाई कमी, वेग जास्त. रेघेत कागदाचे पांढरे पट्टे दिसू लागतात. याला ‘उडतं पांढरं’ म्हणतात. हान राजवटीच्या काळातल्या त्साइ योंग या विद्वानाला हे सुचलं ते दारावर झाडूने चुना मारणाऱ्या कामगारांना पाहून, अशी कथा आहे. इथे एक सावधगिरी: हा परिणाम दिसायला इतका देखणा असतो की माणूस त्याच्या नादी लागतो. तो मागून आणायचा नसतो. लांब रेघेत शाई संपत आली आणि वेग टिकून राहिला तर तो येतो.

नक्कल, आणि मग उलटी नक्कल

अमूर्ताकडे जायच्या आधी कुणाच्या तरी हाताची नक्कल करा. माझी शिफारस हुआइसूची. हा थांग राजवटीच्या काळातला बौद्ध भिक्खू. कागद परवडत नसे म्हणून तो केळीच्या पानांवर सराव करी, असं सांगतात. त्याच्या वेगवान त्साओशू लिपीतलं 777 सालचं आत्मकथन तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे आणि त्याच्या छापील प्रती सहज मिळतात. त्याचे दोन स्तंभ निवडा. अक्षरं वाचता येत नाहीत ही इथे सोयच आहे: अर्थ मध्ये येत नाही, फक्त हालचाल दिसते. नुसत्या डोळ्यांनी ती हालचाल आधी दोन-तीनदा ‘चालून’ जा. मग कोरडा कुंचला हवेत फिरवा. मग शाई.

यानंतर मूळ प्रत उलटी ठेवा, म्हणजे खालचं वर, आणि तिच्याकडे पाहून काढा. आता ते अक्षर उरलेलं नसतं. उरतात फक्त जड-हलक्या जागा, वळणं, झेपा आणि मधलं पांढरं. इथून अमूर्त चित्र सुरू होतं. चिनी वाटावीत अशी खोटी अक्षरं मात्र रचू नका. ते ना सुलेखन होतं ना चित्र. नुसती नक्षी होते.

हुआइसूसोबत नेहमी नाव घेतलं जातं ते झांग शूचं. तो दारू पिऊन, ओरडत, बेभान होऊन लिहायचा. ध्यान म्हणजे शांत, मंद, गोड काहीतरी, अशी समजूत असेल तर तो त्यात बसत नाही. पण याच झांग शूच्या हातचा 741 सालचा एक शिलालेखही आहे आणि तो अत्यंत काटेकोर, सरळ काइशू लिपीत आहे. बेभान व्हायच्या आधी त्याचा हात किती तयार होता, याचा तो पुरावा.

अमूर्त कागद

आता मुख्य काम. कागद अंथरा, वजनं ठेवा, आणि काही वेळ काहीही न करता त्या पांढऱ्या चौकोनाकडे पाहा. छिंग काळातले सुलेखनकार देंग शीरू (1743–1805) सांगत की पांढऱ्याचाही काळ्याइतकाच हिशेब ठेवावा. म्हणून ‘काय काढू’ असं विचारण्याऐवजी ‘कुठलं पांढरं तसंच ठेवू’ असं विचारा. उत्तर मिळालं की उरलेल्या जागेत काम करायचं.

नियम थोडे, पण पक्के ठेवा. एका कागदाला पाच फटकारे. दोन फटकाऱ्यांमध्ये कुंचला कागदाच्या वर, हवेत; पण हात थांबवायचा नाही, पुढच्या फटकाऱ्याकडे वळत राहायचा. जाणकार रेघेइतकीच ही न दिसणारी हवेतली वाट बघतात. शाई पुन्हा घ्यायची ती फार तर एकदा. पाचवा फटकारा झाला की कुंचला खाली. ‘इथे एक ठिपका पाहिजे’ असं हमखास वाटेल. तो द्यायचा नाही.

पहिला फटकारा सगळं ठरवतो. चित्रकार शिताओ (1642–1707) याने आपला सगळा कलाविचार ‘एका रेघे’वर उभा केला: पहिल्या रेघेतून हजारो रेघा निघतात. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की पहिला फटकारा भित्रा आला तर उरलेले चार त्याची माफी मागत बसतात. तो मोठा घ्या. कागदाच्या मधोमध मात्र नको.

दुसऱ्या प्रकारात संख्येऐवजी लय धरा: वरून खाली स्तंभ, उजवीकडून डावीकडे, जुन्या चिनी लिखाणासारखे, पण अक्षरांऐवजी सलग चालणारी रेघ. ब्राइस मार्डन या अमेरिकन चित्रकाराने 1989 ते 1991 या काळात थांग कवी हानशानवरून केलेली ‘कोल्ड माउंटन’ चित्रं अशाच स्तंभांतून वाढत गेली. रेखाटनांसाठी तो झाडाच्या लांब काटक्या शाईत बुडवून वापरायचा, म्हणजे हाताची सफाई आपोआप कमी व्हायची. तुमचा हात फार सराईत झाला असेल, प्रत्येक वळण गोंडस यायला लागलं असेल, तर फूटभर काटकी घ्या. गोंडसपणा एका दिवसात उतरतो.

तैलरंग किंवा ॲक्रिलिक वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: कॅनव्हास शाई पीत नाही, म्हणून तिथे वेळ नोंदला जात नाही आणि दुरुस्तीचा मोह सतत राहतो. झाओ वू-की (1920–2013) हांगझौच्या कलाशाळेत शिकला, 1948 मध्ये पॅरिसला गेला, तिथे तैलरंगांत नाव कमावलं, आणि 1970 नंतर पुन्हा कागद-शाईकडे वळला. आपणही आधी कागदावर मुरावं आणि मग कॅनव्हासला हात घालावा, हे बरं.

कागद वाचणं

चित्र झाल्या झाल्या त्याच्याकडे पाहू नका. ओल्या शाईची चमक फसवते. दुसऱ्या दिवशी भिंतीवर टाचून दोन-तीन पावलं मागून पाहा. चांगलं-वाईट ठरवण्याआधी नुसतं वाचा. डाग कुठे आहे? तिथे तुम्ही ठरवत होतात. शेपूट कुठे पोकळ गेली? तिथे मन पुढच्या फटकाऱ्यावर पोचलं होतं. दोन्ही काठ सारखे झिरपलेली रेघ कुठे आहे? त्या वेळी तुम्ही खरोखर तिथे होतात. पाठीमागे पेन्सिलीने तारीख टाका, बाकी शेरा नको. महिन्याभराचे कागद शेजारी लावले की तोच डाग त्याच जागी पुन्हा पुन्हा पडतोय, हे लक्षात येतं. बऱ्याच जणांचा तो उजव्या खालच्या कोपऱ्याजवळ असतो, कारण शेवट जवळ आला की हात कचरतो.

एखादा कागद अपघाताने फार छान येईल आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही तोच पुन्हा काढायला बसाल. सुलेखनकार वांग शीझीबद्दल सांगतात की 353 साली लानतिंगच्या मेळाव्यात मद्याच्या धुंदीत लिहिलेली तिथल्या कवितांची प्रस्तावना त्याने नंतर अनेकदा पुन्हा लिहून पाहिली, पण ती तशी उतरली नाही. मूळ प्रत आज अस्तित्वात नाही, नकला आहेत. त्यांत ‘झी’ हे एकच चिनी अक्षर विसेक वेळा येतं आणि दर वेळी वेगळं लिहिलेलं आहे. आवडलेला कागद बाजूला ठेवा आणि त्यातला फक्त एक फटकारा घेऊन पुढचा कागद सुरू करा.

आवराआवर

कुंचला लगेच धुवा. शाईतली काजळी एकदा बुडख्यात वाळली की निघत नाही आणि केस कायमचे फुटतात. गार पाणी, साबण नको, बोटांनी हलकं दाबत, पाणी स्वच्छ येईपर्यंत. निपटून टोक जुळवा आणि टोक खाली करून टांगा.

ठेवण्याजोगा कागद वाळल्यावर सुरकुततो, घाबरू नका. गव्हाच्या खळीने मागे दुसरा कागद चिकटवला की तो ताणून सरळ होतो, पण हे काम पहिल्यांदा टाकाऊ कागदावर करून पाहा, कारण ओला शुआन कागद बोट लागताच फाटतो. आधी कोपऱ्यावर ओलं बोट फिरवा. शाई सुटत असेल तर खळ लावू नका. बाकीचे कागद फेकायचे नाहीत. सरावाला पहिल्या फेरीत फिकी शाई वापरा, दुसऱ्या फेरीत त्याच कागदावर दाट, मग कागद पालथा घालून मागची बाजू. एक ताव असा तीनदा चालतो.